कोरडं चाक

दगड चाटणाऱ्या माणसाशी आपलं लग्न झालंय, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. धरणाच्या काठावर मी हंडा भरत होते. आमचे हे थोडे पलीकडे उकिडवे बसून एकेक खडा उचलत होते, लेंग्याला पुसत होते आणि जिभेला लावून उन्हात धरत होते. शाळेतले मास्तर! मी म्हटलं, "अहो, लोक बघतायत." तर म्हणाले, "ओला केल्याशिवाय दगडाच्या पोटातला रंग दिसत नाही." मी म्हटलं, "मग बुडवा की पाण्यात. एवढं धरण पसरलंय समोर." ते नुसते हसले. डोंगरावर हिंडताना जवळ पाणी नसायचं म्हणून जिभेची सवय लागलेली, ती पाण्याच्या काठावर बसूनही सुटत नव्हती.

आमची वस्ती मुळशी धरणाच्या फुगवट्याच्या वर, टेकडीच्या उतारावर. धरण आजेसासऱ्यांच्या काळातलं. त्यातलं पाणी डोंगरातून पलीकडे कोकणात उतरवतात, तिथं त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. आम्ही ते पाणी बघायचो. बौद्धवस्तीतली आमची विहीर पावसाळा आणि हिवाळा कशीबशी काढायची, होळी झाली की तळ दाखवायची. गावातली मोठी विहीर बारमाही होती, पण आमच्या बायका तिच्यावर जात नसत. आता कुणी अडवलं असतं की नसतं, हे विचारायला जायची आमच्यापैकी एकीलाही हौस नव्हती. म्हणून उन्हाळ्यात उतार उतरून धरणाच्या काठाशी जायचं. उन्हाळा चढेल तसं पाणी मागं सरकायचं आणि आमची वाट लांबायची. त्या मागं सरकलेल्या पाण्याखालचे गोटे उघडे पडायचे आणि तिथंच यांना त्यांचं धन सापडायचं. येताना माझ्या डोक्यावर पाणी आणि यांच्या खांद्यावर दगडांची पिशवी. बरोबरच्या बायका मला डिवचायच्या, "मास्तरनी, तुजा मालक लई जड वझं वाहतोय गं."

हे खूळ पुण्याहून आलं होतं. शाळेची मुलं घेऊन हे एकदा तिथल्या विज्ञान प्रदर्शनाला गेले. तिथं एका टेबलावर एक निवृत्त इंजिनिअर रंगीत दगड मांडून बसलेले. गुळगुळीत, झळझळीत, ओठांवर ठेवावेत असे. यांना वाटलं परदेशातले असतील. इंजिनिअर म्हणाले, आपल्याच घाटातल्या काळ्या कातळातल्या गारगोट्या आहेत, फक्त घासल्यात. यांची झोपच उडाली. जन्मभर ज्या गारगोट्या पायाखाली तुडवल्या, ज्या लहानपणी ठिणग्या पाडायला एकमेकींवर आपटल्या, त्यांच्या पोटात हे होतं! त्यानंतर हे कितीतरी रविवार त्या गृहस्थांकडे जाऊन शिकले.

वस्तीत वीज नुकतीच आली होती. घरोघरी लोकांनी दिवे लावले, एकानं रेडिओ घेतला, आणि आमच्या घरी त्या विजेवर दगडांचा डबा फिरायला लागला. रंगाचा एक मोठा डबा, त्याला आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर. जुन्या बाजारातून आणलेली मोटर, दोन रूळ आणि शिवणयंत्राचा पट्टा. डब्यात दगड, थोडं पाणी आणि घासायची जाड पूड घालून झाकण आवळायचं आणि तो आडवा रुळांवर फिरत ठेवायचा. आठवडाभर जाड पूड, मग बारीक पूड, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चष्म्याच्या काचा घासणाऱ्या दुकानातून आणलेली तांबूस पूड. महिन्याभरानं झाकण उघडलं की सगळे दगड न्हाऊनमाखून बसलेले. दुधाळ, हिरवे, मधाच्या रंगाचे, पट्ट्यापट्ट्यांचे. हे म्हणायचे, "पॉलिश म्हणजे दुसरं काही नाही. दगड कायमचा ओला दिसायला हवा."

डब्यातला गाळ एकदा यांनी मोरीत ओतला. तो सिमेंटसारखा घट्ट बसला आणि मोरी तुंबली. सासूबाईंनी मग यांची अशी काही खरडपट्टी काढली की शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. "अरं मास्तरा, दगडं काय शिजवून खानार हायेस व्हय? मानसं घरात दानं दळत्यात, आन ह्यो दगडं दळतुया!" हे शाळेत हेडमास्तरांशी वाद घालायचे, पण आईपुढे मान खाली घालून उभे. मोरी मात्र स्वतःच्या हातानं साफ केली.

सासूबाई बोलायच्या, पण त्यांच्या फळीवर सगळ्यात चांगला दगड असायचा. वस्तीतल्या प्रत्येक घरात यांचा एक दगड होता. बारसं असो, नवं घर असो, मुलगा मॅट्रिक होवो, हे खिशातून दगड काढून हातावर ठेवायचे. विकला एकही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, मला डोंगरानं फुकट दिलाय.

डब्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग चाक आलं.

डब्यात दगडाचा जसा आकार असेल तसाच तो गुळगुळीत होतो. यांना हवा तो आकार द्यायचा होता, लांबट, गोल, बदामी. त्यासाठी धार लावणाऱ्याकडे असतं तसं एमरीचं चाक आणलं आणि मोटरला जोडलं. दगड लाखेनं छोट्या काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि काडी धरून फिरत्या चाकाला टेकवायचा. इंजिनिअर गृहस्थांनी बजावलं होतं की चाक पाण्याशिवाय चालवायचं नाही, दगड तापतो आणि तडकतो. म्हणून यांनी चाकावर एक टिनाचा डबा टांगला, त्याच्या बुडाला भोक पाडून कापसाची वात अडकवली. वातीतून चाकावर थेंब थेंब पाणी पडायचं. पावसाळ्यात आणि थंडीत तो डबा मीच येताजाता भरून ठेवायचे.

चाकाची जागा परसातली बंद पडवी. तिला एकच खिडकी होती. ती उघडली की सगळी पूड वाऱ्यानं स्वयंपाकघरात यायची, पिठावर, अंथरुणांवर. आमच्या खाण्यात पूड नको म्हणून हे खिडकी लावून घ्यायचे आणि दाराला पोतं सोडायचे. आत काय होत असेल ते होवो, घर स्वच्छ राहायचं.

चाक आल्यावरचा पहिला उन्हाळा आला. विहीर आटली, मी काठाच्या वाऱ्या सुरू केल्या. माझी थकलेली चाल बघून हे एक दिवस म्हणाले, "उद्यापासून मीच पाणी आणतो." आणि खरोखरच माळ्यावरची कावड काढली, खांद्यावर आडवी घ्यायची ती काठी, दोन टोकांना रॉकेलचे रिकामे डबे. अंगणात उभं राहून डबे अडकवत होते तोच सासूबाई बाहेर आल्या.

"ठिव ती."

"आई, बायको रोज उतार चढते. मला काय झालंय?"

"तुज्या आज्यानं जलमभर गावाची वझी वाहिली. तुज्या बापानं वाहिली. कोन बी हाक मारावी आन यांनी खांदा द्यावा. तू शिकलास, तवा म्या म्हनलं, आता ह्या खांद्यावर वझं न्हाई. आन तू कावड घिऊन गावाम्होरनं जानार व्हय?"

"दगडांची पिशवी चालते ती?"

"ती तुजी हौस हाय. हौसंला कोन वझं म्हनत न्हाई."

मलाही त्या वेळी सासूबाईंचं पटलं होतं, आजही पटतं. उताराची वाट गावाच्या ओट्यांसमोरून जायची. त्या ओट्यांवर बसलेल्या माणसांनी कावड घेतलेल्या मास्तरांना बघून एकमेकांकडे कसं बघितलं असतं, हे मला डोळे मिटून दिसत होतं. कावड परत माळ्यावर गेली.

पाणी आणता येत नाही, मग निदान वापरायचं तरी नाही, असं यांनी मनाशी ठरवलं. बोलले कुणाशीच नाहीत. काही दिवसांनी मी पडवीत डोकावले तर चाकावरचा डबा कोरडा, वात वाळलेली. म्हटलं, "पाणी?" तर म्हणाले, "जमतं तसं. दगड नुसता टेकवायचा आणि उचलायचा. तापला का ते ओठाला लावून बघायचं. एकही तडकू देत नाही बघ." आणि खरंच एकही तडकला नाही. या कसबाचा यांना एवढा अभिमान होता! पडवीतून बाहेर यायचे ते गिरणीतून आल्यासारखे, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड. मी पदरानं झटकायचे. आमची लेक लहान होती, ती "बाबा म्हातारा झाला" म्हणून टाळ्या पिटायची.

असे किती उन्हाळे गेले ते मी मोजत बसले नाही. कोरड्या दिवसांत चाक कोरडं, एवढंच.

खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी खडूला दोष दिला. मास्तरांच्या छातीत खडू जातो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत होतं. हेसुद्धा म्हणायचे, खडूच आहे. फळ्याला पाठ करून उभे राहायला लागले, पुसायचं काम मुलांना देईनात, ओल्या फडक्यानं स्वतःच पुसायला लागले. शाळेच्या फळ्याला ओलं फडकं आणि घरच्या चाकाला कोरडी वात. आज आठवलं की माझं डोकं भणभणतं. खोकला अंगावर काढता काढता शाळेचा जिना चढवेना, मग उतार चढवेना, मग शाळेची वाटही बसत बसत चालायला लागले. अंगावरचं मांस गेलं.

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी छाती तपासली, थुंकी तपासायला घेतली, आणि थुंकीत काही निघालं नाही तरी टीबीच म्हणाले. त्या काळी खोकणारा वाळलेला माणूस म्हणजे टीबी, दुसरं काही नसायचंच. यांचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, अंथरूण पडवीच्या बाजूला गेलं. लेकीला मी माझ्या आईकडे पाठवलं. ती एसटीच्या खिडकीतून हात करत होती आणि हे लांब झाडाखाली उभे होते, जवळ यायचं नाही म्हणून. शेजारणी दारातूनच विचारपूस करून जायच्या. ज्यांच्या घरात यांचे दगड होते त्यांतल्या काहींनी ते बाहेर टाकले, हे मला नंतर कळलं. मी त्यांना दोष देत नाही. पण विसरलेही नाही.

शाळेतून लांबची रजा मिळाली. डॉक्टर म्हणाले, खडूपासून लांब राहा, घरी आराम करा, मन रमवा. हे घरी राहिले आणि मन रमवायला पडवीत जाऊन बसले. सकाळ, दुपार. गोळ्या वेळेवर घेत होते, दूध पीत होते, आणि खिडकी लावून, पोतं सोडून चाकाला दगड टेकवत होते. तोही उन्हाळाच होता. एकटा पडलेला माणूस कशात तरी गुंतलाय, याचं मला समाधान वाटायचं. चाकाची घरघर ऐकू आली की बरं वाटायचं, बंद झाली की जीव वरखाली व्हायचा.

गोळ्यांनी काडीचाही फरक पडेना. तेव्हा मी हट्ट धरला आणि यांना पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथले डॉक्टर वयानं तरुण होते. एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ बघत राहिले. मग यांना विचारलं, "काय काम करता?"

"शिक्षक आहे."

"त्याआधी? खाणीत होता? खडी फोडायच्या कामावर?"

"नाही हो. शिक्षकच."

मी मागं उभी होते. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "घरी दगड घासतात. हौसेनं."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "कशावर घासता?"

यांचा चेहरा उजळला. कुणी दगडांबद्दल विचारलं की तो तसाच उजळायचा. चाक, लाख, काडी, सगळं सांगितलं, धाप लागली तरी थांबून थांबून सांगितलं. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "पाणी लावून घासता ना?"

"पावसाळ्यात लावून."

"आणि उन्हाळ्यात?"

यांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या मुलानं शाबासकीची वाट बघावी तसे किंचित हसले आणि म्हणाले, "उन्हाळ्यात हिला फार लांबून आणावं लागतं."

डॉक्टरांनी खुर्ची यांच्याजवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ते पाणी दगडासाठी नव्हतं हो." आणि समजावून सांगितलं. हा टीबी नाही. गारगोटीची पूड श्वासाबरोबर आत जाते आणि आत गेलेली बाहेर येत नाही. ओल्या चाकावरची पूड पाण्याबरोबर खाली बसते, कोरड्या चाकावरची छातीत बसते. खाणकामगारांना होतं हे. औषध नाही. घरातल्या कुणाला यांच्यापासून भीती नव्हती, आताही नाही.

येताना एसटीत मला रडू आलं नाही, राग आला. असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. धरणाच्या पाण्याचा आला, गावातल्या विहिरीचा आला, ओट्यांवर बसणाऱ्या माणसांचा आला, आणि सगळ्यांत जास्त शेजारी बसलेल्या या माणसाचा आला. वाटेतलं पौड मागं पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हटलं, "मला विचारायचं तरी."

ते म्हणाले, "तू नाही म्हणाली नसतीस. म्हणून विचारलं नाही."

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "म्हंजी खडू न्हाई?" मी म्हटलं, "खडू नाही, टीबी नाही. दगडाची पूड." त्या उठल्या, यांचं वेगळं ठेवलेलं ताट आणि तांब्या उचलला, घासला आणि आमच्या भांड्यांत नेऊन ठेवला. मग चुलीपुढे बसून राहिल्या. जेवताना यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "कावड म्याच नगं म्हनली." हे म्हणाले, "आई, तुझं बरोबरच होतं." माझं आणि त्या माउलीचं त्यावरून आयुष्यात कधी भांडण झालं नाही. भांडायला कुणाची चूक लागते.

लेकीला परत आणलं. ती उंच झाली होती. आधी लाजली, मग बापाच्या खाटेला चिकटली ती चिकटलीच. हे आता पडवीपर्यंतही जाऊ शकत नव्हते, दोन उश्या पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपायचे. ती काठावरून गोटे वेचून आणायची आणि त्यांच्यासमोर पेल्यातल्या पाण्यात एकेक बुडवून उन्हाच्या तिरिपेत धरायची. हे बोटानं खूण करायचे, हा ठेव, हा टाक. बोलायला श्वास पुरत नव्हता. शेवटच्या दिवसांत श्वासाचा आवाज असा यायचा की कुणीतरी आत चाक फिरवतंय. मी त्या आवाजापासून दूर जाऊन बसायचे आणि लगेच परत यायचे.

ते पावसाळ्यात गेले, विहीर काठोकाठ भरलेली असताना. वस्तीतली सगळी माणसं आली, दगड टाकून देणारीसुद्धा. त्रिसरण झालं. ज्या खांद्यावर वझं नको म्हणून कावड माळ्यावर गेली, तो खांदा चार जणांनी उचलून नेला.

त्यानंतर काही वर्षांनी वस्तीत नळ आला. ज्या दिवशी पाणी सुटायचं होतं त्या दिवशी बायका पहाटेपासून हंडे मांडून बसल्या. कुणीतरी नळाला हार घातला. पाणी आलं तशी एकच झुंबड उडाली. सगळ्यांचं भरून होईपर्यंत मी थांबले. मग पडवीत गेले, चाकावरचा टिनाचा डबा सोडून आणला आणि नळाखाली धरला.

एक शेजारीण म्हणाली, "अगं, गळका हाय त्यो. पानी वाया जाईल."

डबा तांब्याएवढाच. पटकन भरला. वात अजून भोकात होती. आधी कडक होती, मग फुगली, आणि तिच्या टोकाशी एक थेंब जमला, पडला, दुसरा जमला. मी डबा तसाच हातात धरून घरी आले आणि चाकावर होता तिथं टांगला. चाकावरची पांढरी पूड थेंबाच्या वाटेवर काळी होत गेली.

सासूबाई माझ्या मागून आल्या होत्या. त्या पडवीत त्या कधी पाऊल टाकत नसत. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ तो डबा बघत होत्या. थेंब पडत होते आणि डबा काही रिकामा होत नव्हता.

"दिसभराला एवढंच लागत हुतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "एवढंच."